कोरड्या कालव्यातले गमबूट

सोनकांबळेअण्णा माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी पाय, मग पायात काय घातलंय ते, मग गुडघ्यापर्यंत धूळ आहे की चिखल. एवढी तपासणी झाली की मान वर करून विचारत, "बरं हाय ना बाई?" उत्तरासाठी मात्र थांबत नसत. उत्तर त्यांना खालीच मिळालेलं असे.

नील, अनया, मागच्या रविवारी फोनवर तुमचं भांडण मी नीट ऐकलं. नीलला झाडांच्या नर्सरीत हिवाळ्याचं काम मिळालंय, दिवसभर बर्फात आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात उभं राहायचंय, आणि बूट कोणते घ्यावेत यावर तुमचं एकमत होत नाही. मी मधे बोलले तर नील म्हणाला, "आजी, तू लातूरची. गरम आणि वॉटरप्रूफ बुटांचं तुला काय माहीत?" प्रश्न रास्त आहे. आमच्या गावात तेव्हा वॉटर नव्हतं, प्रूफ कशाला लागणार? तरीही या विषयात मला एक गुरू लाभला होता. त्याचा सल्ला ओघात येईलच, पण आधी माणूस सांगते. नुसता सल्ला तुम्ही दोघंही ऐकत नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गावभर पाट्यांच्या रंगाचा वास. ऑफिसं आली, पण त्यांना इमारती नव्हत्या. कुणी धर्मशाळेत, कुणी गोदामात. तुमच्या आजोबांचं कालव्याचं ऑफिस एका बंद पडलेल्या तेलमिलमध्ये होतं आणि तिथल्या प्रत्येक फायलीला करडईच्या पेंडीचा वास यायचा. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. जिल्हा आला आणि पाऊस गेला. लोक म्हणायचे, पावसाला अजून बदलीची ऑर्डर मिळाली नाही, तो जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावरच जाऊन राहिलाय. (तिथंही तो जात नव्हता, पण तक्रार करायला बरं पडायचं.)

अण्णा त्या ऑफिसात कालवा निरीक्षक होते. क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी राहायचे. धरणातून पाणी सोडलं की ते कालव्याने गावोगाव जातं, आणि प्रत्येक गावाला ठरल्या क्रमाने मिळतं. त्याला पाणीपाळी म्हणतात. पाणी ठरल्या जागी जातंय की कुणी मधेच फोडून घेतंय, हे चालत जाऊन बघायचं, गेट उघडायचं, बंद करायचं, गाळात उतरायचं, हे अण्णांचं काम. पाळी येते ती हिवाळ्यात, पहाटेच्या गारठ्यात. थंडी तुमच्याइतकी नाही, पण पौषातल्या पहाटे कालव्याच्या पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला तुमच्या थर्मामीटरचं कौतुक सांगू नका.

अण्णा बुटके होते, पण पाय मात्र रुंद, पंजे बदकासारखे पसरट. आयुष्यभर पाण्यात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, म्हणजे कातडी पांढरी होऊन सोलते तशा. टाचांना भेगा. चहाला बसले की ते एक टाच उचलून भेगेत आगकाडी उभी करून दाखवत. आमच्याकडे पाहुणे असले तरी. त्यांची बायको कौसाबाई दारातून ओरडायची, "अवो, लोकांच्या कपात माती पडल! पाय हाय का प्रदर्शन?"

"प्रदर्शनच हाय. सरकारी नोकरी कशी असती ते लोकांनी बगावं."

त्या वर्षी अण्णांच्या रक्तात साखर निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: पाय परत असे भिजवलेत तर कापावा लागेल. आणि त्याच वर्षी, निवृत्तीला एकच हिवाळा उरलेला असताना, अण्णांनी मनात एक गोष्ट धरली होती. कालव्याचं शेवटचं गाव केळवाडी. कालव्याच्या शेवटाला टेल म्हणतात. कालवा बांधल्यापासून टेलला पाणी कधी पोहोचलंच नव्हतं. वाटेतली गावंच ते पिऊन टाकत. केळवाडीत केळं फक्त नावात होतं. तिथं गंगूबाई नावाची म्हातारी होती. पाहणीला गेलं की अण्णा तिच्या ओट्यावर चहा घेत, आणि दर वर्षी म्हणत, यंदा पाणी आणतो. तिनं एकदा शांतपणे विचारलं, "अण्णा, तुमी पाणी आणून राहिले, ते कंच्या रस्त्यानं येऊन राहिलंय?" ते त्यांना लागलं. धरणात पिण्याचं राखून एकच पाळी सोडता येईल एवढं पाणी होतं. म्हणजे अण्णांना एकच संधी होती, आणि ती साधायला पाय हवे होते. कोरडे.

आणि इथं बूट आले.

जुन्या जिल्ह्याने कधी तरी, बहुधा पुराच्या वर्षी, केलेली मागणी फिरत फिरत नव्या जिल्ह्यात पोहोचली आणि भर दुष्काळात तेलमिलच्या दारात गमबुटांची खोकी उतरली. सोबत नमुने म्हणून चामड्याची आणि कॅनव्हासची जोडी. क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी पारखून निवड करावी, असा आदेश. बाकीच्या कर्मचाऱ्यांनी खोकं उघडून हसून घेतलं आणि कामाला लागले. अण्णांनी निवड करायला घेतली.

पुढचे कित्येक दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. तिन्ही नमुने ते आळीपाळीने घालून हिंडत, कधी एका पायात एक आणि दुसऱ्यात दुसरा. बाजारपेठेतल्या गोलाईजवळ रशीदभाईंचं चपला-बुटांचं जुनं दुकान होतं. तिथं अण्णा रोज संध्याकाळी. संध्याकाळीच, कारण पाय दिवसभर चालून फुगतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी वैरी होतो. नील, हे लिहून घे. मी एकदा मुलींसाठी चपला घ्यायला गेले होते तेव्हा अण्णा स्टुलावर बसून चामड्याच्या बुटात अंगठा पुढे-मागे करत होते आणि रशीदभाई कपाळाला हात लावून.

"अण्णा, जूता लेरे क्या दुल्हन देखरे?"

"दुल्हन एकदाच बघितली रशीदभाई. चुकलो असतो तरी तिनं सांभाळून घेतलं असतं. बूट सांभाळून घेत न्हाई."

"लेना भी नहीं है तुम्हारे को मेरे से! सरकारी माल पहनके मेरी दुकान में कायकू बैठरे?"

"अक्कल तुमची हाय ना. माल कुणाचा का असंना."

रशीदभाईंनी हताशपणे आपली अक्कल दिली: चामडं तेल पाजलं तर पाणी अडवतं, पण एकदा भिजलं की आठवडाभर वाळत नाही, आणि चुलीजवळ वाळवलं की तडकतं. कॅनव्हास म्हणजे पायात चहाची गाळणी. रबर पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही, आणि स्वतः गार पडतं. म्हणून रबरी बूट घ्यायचा तर मोठा घ्यायचा आणि आत लोकर घालायची. सुती मोजा नको, तो भिजला की पायाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखा होतो. अण्णांनी यात स्वतःची भर घातली: "बाई, घट्ट बूट गार. का? तर गरमीला बसायला जागाच न्हाई." तुमच्या देशातले लोक हेच मोठ्या शास्त्रीय भाषेत सांगतात, असं अनयानं वाचून दाखवलंच आहे. त्याच दमात अण्णांनी असंही सांगितलं की कांदा खिशात ठेवला की पाय गरम राहतात. तेव्हा सगळंच ऐकू नका.

लोकर कुठून आणायची? कौसाबाईच्या माहेरची घोंगडी होती. एका सकाळी तिने ती झटकली, तर तिच्यात पायाच्या आकाराची भोकं. तळव्यांची दोन, आणि मोज्यांसाठी मोठे मोठे चौकोन. क्वार्टर्सनी त्या दिवशी बरंच ऐकलं. पण कौसाबाई अण्णांना पुरून उरणारी. तिनं ती घोंगडी तशीच पांघरायला सुरुवात केली. सकाळी अंगणात शेकायला बसली की भोकांतून तिचं लुगडं दिसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "मालकाचा जीव पायात हाय बगा. म्हून मी छातीवर थंडी घेऊन राहिले."

निवड झाली: रबरी गमबूट. पण मिळाले नाहीत. स्टोअरकीपर बिराजदार हे नियमाचे माणूस. जलरोधक म्हणून आलेली वस्तू जलरोधक असल्याची चाचणी झाल्याखेरीज वाटायची नाही, आणि चाचणी म्हणजे बूट दिवसभर पाण्यात उभा ठेवायचा. कशात? कालवा कोरडा, विहीर कोरडी, ऑफिसच्या हौदात कुत्रं झोपायचं.

"पाणी आलं की चाचणी घेऊ," बिराजदार म्हणाले.

"पाणी येण्याच्या आदी बूट लागतेत साहेब."

"चाचणीशिवाय बूट नाही."

"बुटाशिवाय मी पाण्यात न्हाई. मी न्हाई तर पाणी टेलला न्हाई."

"ते मला सांगू नका, माझ्याकडे फक्त बूट आहेत."

हे संभाषण इतक्या वेळा झालं की तेलमिलमधली माणसं ते पाठ म्हणू लागली. शेवटी अण्णांनाच युक्ती सुचली. बूट पाण्यात ठेवता येत नसेल तर पाणी बुटात ठेवायचं. "जो आतलं भाईर सोडत न्हाई, तो भाईरचं आत घील का?" या तर्कातली चूक तुमच्या आजोबांना काही सापडली नाही, आणि ते इंजिनिअर होते.

पण बुटात घालायलाही पाणी हवं. टँकर दिवसाआड यायचा. अण्णा क्वार्टर्समध्ये घरोघर गेले. "बाई, एक तांब्या द्या. उद्या सकाळी परत." मी दिला. सगळ्यांनी दिला, कुरकुरत. बूट भरले, दोरीनं बांधून स्टोअरच्या तुळईला टांगले, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि बिराजदार समोर खुर्ची टाकून दिवसभर वर बघत बसले. ऑफिसचं काम जवळपास थांबलंच. दुपारी वर्तमानपत्रावर एक थेंब पडला. कल्ला झाला. बिराजदारांनी "गळतो!" असं जाहीर केलं. अण्णा गुडघ्यावर बसून थेंब तपासू लागले आणि तेवढ्यात दुसरा थेंब पडला, तेव्हा सगळ्यांनी बघितलं की तो बिराजदारांच्या नाकातून पडला. त्यांना थंडीनं सर्दी झाली होती.

बूट मिळाले. बिराजदारांनी शेरा मारला: "आतून जलरोधक. बाहेरून तपासण्यास पाणी उपलब्ध नाही."

दुसऱ्या सकाळी अण्णा खरोखरच सगळ्यांचं पाणी परत करत हिंडले, तांब्याने मोजून. माझा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी दिला, प्रसादासारखा. पाण्याला सायकलच्या ट्यूबचा वास येत होता. मी ते जास्वंदीला घातलं.

नवा बूट एकदम कामावर नेऊ नये, आधी पायाची ओळख करून द्यावी, हाही त्यांचा नियम. म्हणून धुळीनं भरलेल्या लातुरात अण्णा गुडघ्यापर्यंत गमबूट घालून बाजाराला, दवाखान्याला, टँकरच्या रांगेला जाऊ लागले.

"अण्णा, पूर येऊन राहिला काय?"

"येणार हाय. तयारी करून राहिलो."

गंमत अशी, की लोकांना ते खरं वाटू लागलं. कालव्याचा माणूस गमबूट घालून फिरतोय म्हणजे त्याला आतली काही तरी बातमी असणार. आमच्या मागच्या गल्लीनं गटारं उपसली. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं बाकडी विटांवर चढवली. एका बाईनं गोवऱ्या माळ्यावर टाकल्या आणि मला म्हणाली, "बाई, तुमची पुस्तकं खाली हायेत, बगा बरं." मी हसले. घरी येऊन खालच्या फळीवरचा शब्दकोश वरती ठेवला.

पौषात पाणी सुटलं. अण्णा घोंगडीचे मोजे चढवून, मोठ्या बुटात पाय घालून, कालव्यात उतरले. पुढचं मला तुमच्या आजोबांनी सांगितलं, कारण ते जीपमधून मागे होते. पाणी दोन-तीन गावं नीट गेलं. मग एका गेटाखालच्या डोहात अण्णांनी पाय टाकायला आणि पाणी बुटाच्या काठावरून आत यायला एकच गाठ पडली. दोन्ही बूट भरले. आणि जलरोधक असल्यामुळे भरलेलेच राहिले. चाचणीत ही एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती, की बुटाला वरून तोंड असतं. नील, बूट पाण्यापेक्षा उंच हवा. हे अण्णांनी आम्हाला सांगितलं नाही, पण शिकवलं खरं.

बूट काढून ओतायला ते थांबले नाहीत. पाणी आपल्या मागोमाग येतंय अशी त्यांची खात्री होती, आणि पुढे जाऊन केळवाडीच्या चारीतला, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटातला, गाळ काढून ठेवायचा होता. तेव्हा काठाकाठानं, छपक छपक करत, ते केळवाडीला पोहोचले. गाव जमलेलं. कुणी हलगी आणली होती. गंगूबाई कोरड्या चारीच्या तोंडाशी बसली होती. तिची ज्वारी पोटऱ्यात आली होती, आता एक पाणी मिळालं तर कणीस भरणार, नाही तर नुसता कडबा.

"अण्णा, पाणी कुटंय?"

अण्णांनी मागे वळून बघितलं. कालवा कोरडा. वरच्या गावांनी कालवा फोडून पाणी आपल्याकडे वळवलं होतं. मग अण्णा गेटाच्या भिंतीवर बसले, एक बूट ओढून काढला आणि चारीत ओतला. मग दुसरा. जमिनीनं ते पाणी फुस्स करून पिऊन टाकलं.

गंगूबाई वाकून ओल्या डागाकडे बघत म्हणाली, "येवढंच? माजी शेळी यापरीस जास्त मुतती."

गाव हसलं. अण्णाही हसले म्हणे. पण त्यांचे पाय फटफटीत पांढरे पडले होते, सुजून बोटं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी बूट गंगूबाईच्या हातात दिले, "हे धरा. पाणी घेऊन येतो," आणि अनवाणी कालव्यात उतरून उलटे, वरच्या अंगाला चालायला लागले.

तुमच्या आजोबांनी त्यांना वाटेत गाठलं. "अण्णा, बसा जीपमध्ये. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?"

"आठवतंय. डॉक्टर केळवाडीचा न्हाई साहेब."

कालवा जिथं फोडला होता तिथं अण्णांनी पोती भरून लावली, लोकांना हातापाया पडून माती ओढायला लावली. एका ठिकाणी शेतात जाणाऱ्या पाइपाचं झाकणच गायब होतं. पाणी सगळं त्या भोकात. बंद करायला काही नाही. अण्णा सरळ त्या भोकाला पाठ लावून पाण्यात बसले. शेतकरी धावत आला.

"अण्णा, उटा की! माजं अर्दं रान ऱ्हायलंय."

"न्हाई उटत. मी गेट हाय."

"गेट बोलतंय व्हय?"

"सरकारी हाय, नवीन जिल्ह्याचं. बोलतंय."

त्या माणसाला शेवटी स्वतःच दार काढून आणावं लागलं, गोठ्याचं, आणि ते भोकावर बसवल्यावर अण्णा उठले. त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं. तरी जीपमध्ये बसले नाहीत. कौसाबाई शिदोरी घेऊन तिथं गेली तेव्हा तिनं त्यांच्या पायाकडे बघितलं. पदरानं पाय पुसले. अण्णांनी ते पुसलेले पाय परत पाण्यात घातले. तेव्हा ती म्हणाली, "जावा. तुमाला अडवून पाणी येतंय थोडंच," आणि भाकरी त्यांच्या हातात न देता खिशात कोंबली.

त्यांचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. पाय राहिला. उजव्या पायाचं एक बोट गेलं. डॉक्टर फार रागावले. मार्चात अण्णा निवृत्त झाले, पण निरोपसमारंभाला आम्ही नव्हतो. त्या पाळीनंतर लगेच आमची बदली नांदेडला झाली. म्हणून त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कालव्यावरच.

त्या पाळीतलाच रविवार होता. तुमचे आजोबा मला जीपमधून घेऊन गेले, "बघायला चल" एवढंच म्हणाले. केळवाडीच्या अलीकडे आम्ही उतरलो. आधी काही दिसलंच नाही. मग कोरड्या कालव्यातून अण्णा येताना दिसले. आमच्याकडे पाठ करून, उलटं चालत. धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं, पाय चिंध्यांनी बांधलेले, हातात काठी. त्यांच्या पुढ्यात हातभर अंतरावर पाण्याचं तोंड सरकत येत होतं. मी पाण्याचं तोंड त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तपकिरी फेस, काडीकचरा, लेंड्या, शेवरीचा कापूस, असं सगळं ढकलत ते येत होतं, रुंदीला वहीच्या पानाएवढं. मधेच भेगेत शिरून थांबायचं. थांबलं की अण्णाही थांबायचे, वाकायचे, काठीनं समोरची ढेकळं सारायचे आणि वासराला बोलवावं तसं जीभ टाळूला लावून च्च च्च करायचे. "ये. ये बाबा. थोडंच ऱ्हायलंय." भेग भरली की पाणी पुन्हा हलायचं.

मी हाक मारणार होते. तुमच्या आजोबांनी मानेनंच नाही म्हटलं.

केळवाडीची चारी जिथं वळते तिथं गंगूबाई उभी होती, फावडं घेऊन. तिनं मातीचा बांध फावड्याच्या एका खेचेनं काढला. अण्णा काठाला सरकले, अंग चोरून भिंतीला टेकले, मोठं माणूस जवळून जाताना आपण सरकतो तसे, आणि पाण्याला पुढे जाऊ दिलं.